‘शीतनिद्रा’ : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

संगणकाच्या ‘हायबरनेशन’ ह्या अवस्थेस मराठीत ‘शीतनिद्रा’ हा जीवशास्त्रातील रूढ शब्द साहजिकच सुचतो. तो सुबोध आहे; परंतु सुबोध शब्द यथार्थ असतोच असे नाही. प्रस्तुत संज्ञा वाचकास चुकीच्या कारणाकडे नेते, असे आमचे मत आहे.

परभणीकडील काळ्या मातीत उन्हाळाभर दडलेला बेडूक पहिल्या पावसाबरोबर बाहेर येतो. त्या ग्रीष्मनिद्रेत काय किंवा शीतनिद्रेत काय, प्राण्याचे हृदय मंदगतीने का होईना, चालू असते. 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनी सिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ ह्या प्रमाणकात असे साम्य ‘एस-3’ ह्या अवस्थेशी आहे. तीत मुख्य स्मृतीस अल्प वीज मिळत राहते. ‘एस-4’ म्हणजे हायबरनेशन. तीत स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरविला जातो आणि सर्व उपकरणांची वीज तुटली असे गृहीत धरले जाते. ही निद्रा नव्हे. मजकूर ठेव म्हणून ठेवून केलेले देहविसर्जन आहे.

लॅपटॉप पुन्हा सुरू होतो तेव्हा पडदा काळाच राहण्याचा दोष ह्या भेदातून उद्भवतो. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती वीज जाताच रिकामी झालेली असते. तथापि डिस्कवरून परत आलेल्या ड्रायव्हरच्या नोंदींत कार्ड पूर्वीच्याच स्थितीत असते. ड्रायव्हरने कार्डाची नव्याने मांडणी केली नाही, की दोघांचा मेळ बसत नाही. लिनक्सवरील एनव्हिडियाचा ड्रायव्हर दीर्घकाळ चित्रस्मृतीचा केवळ अत्यावश्यक भागच आपणहून जतन करीत असे. संपूर्ण जतनासाठी वेगळा पर्याय सुरू करावा लागे.

ह्यावर कोणी म्हणेल की रूपक मूळचे इंग्रजीचेच आहे. ते खरे, परंतु ‘हिवाळा काढणे’ हा त्यामागील लॅटिन अर्थ इंग्रजी वापरकर्त्यास जाणवत नाही. मराठी समास मात्र पारदर्शक असल्याने त्यातील रूपक जिवंत राहते. यंत्र ‘झोपले’ होते, मग ‘उठत’ का नाही, असे समजून विद्यार्थी बटण दाबून धरतो. परत आलेला मजकूर एव्हाना मुख्य स्मृतीत असतो. तो वीज तुटताच नष्ट होतो, आणि न जतन केलेले प्रबंधाचे प्रकरणही त्याबरोबर जाते. वस्तुतः कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जागेच असते. केवळ त्याचे चित्र हरवलेले असते. विंडोज 10 व 11 मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ह्या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हा उपाय आधी करून पाहावा.

संज्ञांचा हा घोळ एवढ्यावर थांबत नाही. 2012 च्या विंडोज 8 पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास, ‘शट डाउन’ म्हटल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर ठेवला जातो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. म्हणजे ‘बंद’ हा शब्दही येथे पुरता खरा उरलेला नाही.

म्हणून हायबरनेशनसाठी ‘स्मृतिनिक्षेप’ हा शब्द विचारार्थ सुचवावासा वाटतो. तो ‘शीतनिद्रे’इतका मधुर नाही, हे मान्य आहे. परंतु ठेव ठेवली की ती कोणी, कोठे ठेवली आणि कोणाची ठेवायची राहिली, हे प्रश्न तो आपोआप विचारावयास लावतो. आणि दोषाचे मूळ नेमके त्या शेवटच्या प्रश्नात आहे.