‘अन्-नदवा’ आणि आपण

वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या शास्त्राध्ययनाच्या संस्थेने ‘नवभारता’सारखे वैचारिक मासिक चालवावे, याचे मराठी वाचकास नवल वाटत नाही. हाच उद्योग इस्लामी धर्मविद्यालयांनी उर्दूत केला, त्याचा उल्लेख मात्र आपल्या नियतकालिकविषयक चर्चेत क्वचितच येतो. इंदुरात होळकर दरबाराची मराठी, बाजारातली माळवी आणि उर्दू या पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. येथील वाचकाला तरी हे अपरिचितपण शोभत नाही.

नदवतुल उलमा या संस्थेचे पहिले अधिवेशन १८९४ साली कानपुरास भरले आणि १८९८ साली लखनौस तिचे विद्यालय सुरू झाले. जुनी धर्मविद्या सोडावयाची नाही, पण नव्या ज्ञानाकडे पाठही फिरवावयाची नाही, अशी ही मधली वाट होती. १९०४ साली ‘अन्-नदवा’ हे मासिक निघाले. शिबली नोमानी आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी हे त्याचे संपादक. त्यात शिबलींचे व्यक्तिमत्त्व प्रबळ होते. इतिहास, चरित्र व काव्यसमीक्षा या तिन्ही प्रांतांत संचार करणारा हा मौलवी मुंबईस वारंवार येई. जंजिऱ्याच्या राजघराण्याशी संबंध असलेल्या अतिया फैजींना त्याने लिहिलेली पत्रे तर उर्दू साहित्यात एक वादविषयच होऊन बसली आहेत. संपादक म्हणून शिबलींचा खरा गुण माणसे हेरण्याचा. १९०५ साली त्यांनी आपले साहाय्यक म्हणून ज्या तरुणाला घेतले तो अवघा सतरा वर्षांचा होता, आणि त्याचे नाव अबुल कलाम आझाद. आझाद काही महिनेच तेथे राहिले. पुढे ‘अल-हिलाल’ (१९१२) काढणाऱ्या या लेखणीची उमेदवारी एका धर्मविद्यालयाच्या मासिकात झाली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मराठी वाचकाला ‘अन्-नदवा’ आणखी एका कारणाने जवळचे, किंवा म्हणा बोचणारे, वाटेल. औरंगजेबावरील शिबलींची प्रसिद्ध लेखमाला याच मासिकातून आली. युरोपीय इतिहासकारांना उत्तर देणे हा तिचा हेतू, आणि मराठ्यांचे प्रकरण तिच्यात अर्थातच येते. शिबलींची फारसी साधनांवरील हुकमत निर्विवाद आहे. तथापि त्यांनी येथे न्यायाधीशाऐवजी वकिलाचे आसन स्वीकारले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण हे म्हणताना आपणही आरशात पाहावे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला, म्हणजे दोन्ही उद्योग समकालीन. दोन्हीकडे परकी इतिहासकारांविषयी तोच रोष, अस्सल कागदांविषयी तीच आस्था, आणि आपल्या पक्षाविषयी तीच ममता. एवढे साम्य असूनही ही दोन दालने एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. याचे नुकसान दोन्ही भाषांतील इतिहासलेखनाला सोसावे लागले.

देवबंदच्या दारुल उलूमने १९१० साली ‘अल-कासिम’ काढले; पुढे ‘अल-रशीद’ आले. दोन्ही नावे संस्थापक पिढीतील दोन गुरूंची. १९४१ पासून ‘दारुल उलूम’ हे मासिक निघू लागले. त्यांचा रोख धर्मशिक्षणाकडे असल्याने साहित्याच्या अभ्यासकाने तेथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

‘अन्-नदवा’चे पुढे काय झाले? संस्थेतील जुन्या मताचे आणि शिबलींचे जमेना. १९१३ साली त्यांनी विद्यालयाची सूत्रे सोडली व १९१४ साली आझमगडास त्यांचे निधन झाले. माळव्याच्या शेजारीच, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी हाती घेतलेले पैगंबरचरित्र अपुरे राहिले. ते शिष्य सय्यद सुलेमान नदवींनी पुढे नेले. मासिकही बंद पडले. १९४० साली ते पुन्हा निघाले, पण टिकले नाही. टिकले ते ‘मआरिफ’. सुलेमान नदवींनी १९१६ साली आझमगडच्या दारुल मुसन्निफीनमधून ते सुरू केले. ही संस्था विद्यार्थ्यांची नव्हे, लेखकांची. विद्यालयाच्या मासिकाला व्यवस्थापकांचा कल सांभाळावा लागतो. लेखकांच्या मंडळाला, निदान काही काळ, तो सांभाळावा लागत नाही. ‘मआरिफ’च्या दीर्घायुष्याचे एक कारण मला येथे दिसते.

नदवाने मात्र हार मानली नाही. १९३२ साली मसूद आलम नदवींच्या संपादकत्वाखाली ‘अल-झिया’ हे अरबी मासिक निघाले, १९५५ साली ‘अल-बास अल-इस्लामी’, आणि १९६३ साली उर्दू ‘तामीर-ए-हयात’. लखनौस बसून अरबीत मासिक काढायचे, म्हणजे घराबाहेरच्या वाचकासाठी लिहायचे. ‘अन्-नदवा’ने घरातल्या माणसांशी जो वाद मांडला होता, तो तेथे उरला नाही.