‘एकाच वेळी’ या शब्दप्रयोगाची चिकित्सा : वैयक्तिक संगणकाच्या बहुकार्यतेसंबंधी

बहुकार्यता, म्हणजे रूढ शब्दात मल्टिटास्किंग, हिची व्याख्या मराठीत सामान्यतः ‘एकाच वेळी अनेक कामे करण्याची क्षमता’ अशी केली जाते. खरी बहुकार्यता कोणती, या वादाचे मूळ बव्हंशी या व्याख्येतील पहिल्या दोन शब्दांतच आहे. ते काटेकोरपणे घेतले, तर २००५ मध्ये दोन गाभ्यांचे प्रक्रियक घरगुती संगणकांत येईपर्यंत बहुतेक सर्व वैयक्तिक संगणकांची बहुकार्यता आभासरूपच ठरते. कारण साधा एक गाभा एका क्षणी एकाच कार्यक्रमाच्या आज्ञा पार पाडतो. ते सैलपणे घेतले, तर अनेक खिडक्या उघड्या ठेवणारा कोणताही संगणक बहुकार्यी म्हणावा लागतो. ही दोन्ही टोके अग्राह्य होत.

मराठीची कृदंतरचना येथे अधिक सूक्ष्म भेद पुरविते. ‘तो जेवून वाचतो’, ‘तो जेवता जेवता वाचतो’ आणि ‘तो जेवत असताना ती वाचते’ ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात निव्वळ क्रम आहे. दुसऱ्यात दोन्ही क्रिया एकाच कालावधीत पुढे सरकतात, परंतु प्रत्येक घासाच्या क्षणी दृष्टी अक्षरावर असलीच पाहिजे, असे वक्त्याला अभिप्रेत नसते. ‘पाहता पाहता दिवस मावळला’ यासारखे रूढ प्रयोग सोडल्यास येथे कर्ता एकच असतो. शिवाय एक क्रिया प्रधान व दुसरी गौण असते. तिसऱ्यात कर्ते दोन असून प्रत्येकाची क्रिया स्वतंत्र आहे. एका वेळी एकच कार्यक्रम चालविणारी डॉस प्रणाली पहिल्या वाक्यासारखी, एका गाभ्यावरील बहुकार्यता दुसऱ्यासारखी आणि अनेक गाभ्यांची समांतरता तिसऱ्यासारखी आहे. तेव्हा दुसरा संबंध हा तिसऱ्याची नक्कल नसून वेगळाच संबंध आहे. त्याला ‘खोटा’ म्हणणे हा कोटिदोष होय.

तथापि दुसऱ्या कोटीतही खऱ्याखोट्याचा प्रश्न उरतोच. जुन्नर तालुक्यातील आणे येथे रंगदासस्वामींच्या उत्सवात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो व आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते. समजा, अशा अनेक कढया एकाच आचाऱ्याकडे आहेत. हातातील कढईने मोकळे केल्यावाचून त्याला हलता येत नसेल, तर एका हट्टी कढईपायी बाकीच्या करपतील. परंतु घटका मोजणारा कारभारी त्याला ठराविक वेळाने पुढे नेत असेल, तर प्रत्येक कढईची पाळी निश्चित आहे. मॅकिंटॉशवरील मल्टिफाइंडर (१९८७) व विंडोज ३.० (१९९०) यांतील कार्यक्रम पहिल्या रीतीने, म्हणजे परस्परांच्या सौजन्यावर चालत. उलट अमिगा संगणकाने १९८५ मध्येच एका प्रक्रियकावर दुसरी रीत आणली होती. विंडोज ९५ मध्ये दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या : नव्या ३२-बिट कार्यक्रमांना सक्तीची पाळी, जुन्या १६-बिट कार्यक्रमांत आपसांत सौजन्य. मात्र अमिगात स्मृतीचे परस्परसंरक्षण नसल्याने एक बिघडलेला कार्यक्रम सारी यंत्रणा बंद पाडू शके. म्हणून पाळीची हमी आवश्यक असली, तरी पुरेशी नव्हे.

गाभे वाढल्याने हा प्रश्न निकालात निघाला, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर याच तालुक्यात, खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत सापडते. तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एकाच आकाशस्रोताचे संदेश घेतात. हे ‘असताना’चे शुद्ध उदाहरण. परंतु त्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात व प्रत्येक जोडीचे गणित संदेश येत असतानाच उरकावे लागते. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स समूहाकडे सोपविण्यात आले. अशा कामात कर्ते कितीही असोत, संदेश कोणासाठी थांबत नाही. एखाद्या कामाची पाळी चुकली, तर तेवढी माहिती गमावते. म्हणजे समांतरता हे साधन आहे, कसोटी नव्हे.

यावरून व्याख्या अशी करता येईल : ज्या व्यवस्थेत अनेक कामे एका कालावधीत पुढे सरकतात, कोणत्याही कामाच्या मर्जीवर दुसऱ्याची पाळी अवलंबून नसते आणि एकाचा बिघाड दुसऱ्यास बाधत नाही, ती व्यवस्था बहुकार्यी होय. या व्याख्येत ‘एकाच वेळी’ हे शब्द येत नाहीत, आणि ते नसल्याने काही उणे पडत नाही.