सवतीला दिलेली खूण

उत्पत्तीच्या पुस्तकात लेआ आणि राहेल या बहिणींच्या याकोबाशी झालेल्या लग्नांची गोष्ट भराभर उरकते. धाकट्या राहेलसाठी याकोब 7 वर्षे राबतो, लग्नाच्या रात्री मामा लाबान थोरल्या लेआला पाठवतो आणि फसवणूक उजाडल्यावर कळते. त्या रात्री राहेल काय करत होती? मूळ कथा गप्प आहे. यहुदी गुरूंची मिद्राश ही कथनपरंपरा नेमकी तिथे शिरते.

यहुदी गुरूंच्या तालमूद या ग्रंथातली कथा अशी: लाबान दगा देणार हे ओळखून याकोबाने राहेलला काही खुणा दिल्या होत्या. लेआला आत नेऊ लागले तेव्हा बहिणीची आता शोभा होणार, या कळवळ्याने राहेलने त्या खुणा तिला सांगून टाकल्या. एवढ्या तपशिलाने बिचारी राहेल कर्ती होते. मात्र तिच्या दयेपायी याकोब फसला, हे कथाकार झाकत नाहीत. ‘बेरेशीथ रब्बा’ या मिद्राश-संग्रहात सकाळी तो लेआवर संतापतो, तेव्हा भाऊ एसाव याचे सोंग घेऊन आंधळ्या बापाला फसवल्याची आठवण ती त्याला रोखठोक करून देते.

‘एखा रब्बा’ या दुसऱ्या मिद्राश-संग्रहात कथा आणखी धीट होते. राहेल पलंगाखाली लपून लेआच्या वतीने बोलते, म्हणजे याकोबाला आवाज ओळखीचा वाटावा. पुढे लोकांच्या मूर्तिपूजेपायी यरुशलेम उद्ध्वस्त होते. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे यांची विनवणी देव ऐकत नाही. मग राहेल उभी राहते: मी हाडामांसाची असून सवतीचा मत्सर केला नाही, तू तर सनातन राजा, मग निर्जीव मूर्तींचा मत्सर कशाला? देव द्रवतो. इथे राहेल दयेची भीक मागत नाही, देवाला पेचात पकडते. पलंगाखालची ती अवघड रात्र आधी सोसल्यामुळेच तिला हा अधिकार आला आहे.

लेआही ऋण फेडते. याकोबाला होणार असे ठरलेल्या 12 पुत्रांपैकी 6 तिचे, 4 दासींचे. पोटातला सातवाही मुलगा झाला तर राहेल दासींपेक्षाही उणी ठरेल, म्हणून लेआ प्रार्थना करते आणि दीना जन्मते, असे तालमूद सांगतो.

1880च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल यहुद्यांनी बायबलमधली आख्याने मराठी कीर्तनात आणली. सवतीमत्सर, सवाल-जवाब आणि देवाशी भांडण असा ऐवज असलेली ही कथा त्या रंगात शोभावी अशीच आहे. चांगुलपणाला कपटाचा डाग लागू देऊनही त्याची उंची राखणे, हे मिद्राशच्या कथाकारांचे खरे कसब.