कॉमेटची शेपटी किती सांगते?

बीडमध्ये कपाशीवर फवारणी करणाऱ्यांचं रक्त एकदाच घ्यायचं, कॉमेट चाचणी करायची आणि थेट ‘कर्करोगाचा धोका’ लिहायचा, असा आराखडा करत असाल तर थांबा. १९८८ची अल्कधर्मी कॉमेट पद्धत त्या वेळी तुटलेला डीएनए शेपटीसारखा दाखवते. त्यातले बहुतेक तुकडे काही तासांत जोडले जातात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. पी५३ प्रथिन पेशीला थांबवतं. मग ती मरते, विभाजन कायमचं सोडते, नाहीतर चुकीची दुरुस्ती घेऊन वाढत राहते. यातलं काय होणार, हे शेपटी सांगत नाही. त्याच माणसांचे नमुने फवारणीआधी, लगेच नंतर आणि हंगाम संपल्यावर घ्या. सोबत मायक्रोन्यूक्लियसही मोजा. (तंबाखूचं विचारायला विसरू नका!) कर्करोगाला तर वर्षं लागतात, त्यासाठी बार्शीसारखी नोंदणी लागते, ती १९८७पासून चालू आहे.