लोदी बागेंतील शीश गुंबद : एका नामनिर्णयाची चिकित्सा

दिल्लीच्या लोदी बागेंत जाणाऱ्या जिज्ञासूस पहिला चकवा बागेच्या नांवापासूनच बसतो. तेथील अष्टकोनी महंमदशहाची कबर लोदींची नव्हे, त्यांच्या पूर्वींच्या सय्यद घराण्याची आहे. आजचें उद्यानहि लोदींनीं लावलेलें नाहीं. या इमारतींभोंवतीं वसलेलें खैरपूर गांव उठवून ९ एप्रिल १९३६ रोजीं तें 'लेडी विलिंग्डन पार्क' या नांवानें उघडण्यांत आलें. लोदींचें नांव त्यास मिळालें तें १९४७ नंतर. गांव उठलें तेव्हां तेथील वृद्धांपाशीं या घुमटांविषयीं कोणत्या आख्यायिका होत्या हें कोणी विचारून टिपून ठेविलें असतें, तर पुढील वाद कदाचित् निम्मा झाला असता.

नांवांवरून अनुमान काढतां जपावें लागतें, याचें उदाहरण बागेंतच आहे. अकबरकालीन पुलास 'अठपुला' म्हणतात. आम्हां संस्कृतज्ञांची खोड अशी कीं, संख्यावाचक पूर्वपद दिसलें म्हणजे लगेच समास सोडवूं लागावें. पण पूल एकच, त्याच्या कमानी सात आणि खांब आठ. नांव ठेवणारानें खांब मोजले, इतकाच त्याचा अर्थ.

आतां मुख्य प्रश्न. शीश गुंबद ही चौरस इमारत बाहेरून दुमजली भासते. तिच्यावरील निळ्या चकाकत्या फरशांचे अवशेष अद्याप दिसतात. आंत अनेक थडगीं आहेत. आंतील गिलाव्यांत कुराणांतील वचनें आहेत, परंतु मृताचें नांव कोठेंहि नाहीं. १९७५ सालीं सायमन डिग्बी यांनीं ही १४८९ सालीं वारलेल्या बहलूल लोदीची कबर होय, असें प्रतिपादिलें. तत्पूर्वीं चिराग दिल्ली येथील पांच घुमटांची, चारी बाजूंस तीन तीन कमानी असलेली इमारत बहलूलची म्हणून दाखविली जात असे, अजूनहि दाखवितात.

डिग्बींच्या मतावर पहिला आक्षेप आकाराचा. मुबारकशहा, महंमदशहा आणि सिकंदर लोदी या सुलतानांच्या कबरी अष्टकोनी. चौरस घुमट सरदारांचे, असा त्या काळचा प्रघात सांगितला जातो. मग सुलतान बहलूल चौरस इमारतींत कसा? आक्षेप वरवर बळकट वाटतो खरा. पण चिराग दिल्लीची इमारत तरी कोठें अष्टकोनी आहे? म्हणजे हा मुद्दा दोन्ही पक्षांस सारखाच बाधतो, आणि जो उभयतांस बाधतो त्यावरून निर्णय होत नाहीं. उलट बहलूलचा पुत्र सिकंदर याची कबर शीश गुंबदापासून जवळच, त्याच बागेंत आहे, हें डिग्बींच्या पक्षीं अनुकूल आहे. तथापि सान्निध्य म्हणजे प्रमाण नव्हे.

दुसरी चूक अधिक वेळां घडते. समोरच्या बडा गुंबदास लागून असलेल्या मशिदींत हिजरी ९०० (इ. स. १४९४) चा शिलालेख आहे. तो सिकंदराच्या कारकीर्दींतला. या एका लेखाच्या आधारें बडा गुंबद, मशीद व पलीकडचा शीश गुंबद यांस एकाच काळांत बसविण्याचा मोह होतो. पण लेख मशिदीचा आहे. बडा गुंबदांत तर कबरच नाहीं. तो मशिदीचें प्रवेशद्वार होता किंवा काय, याचाहि निकाल त्या लेखानें लागत नाहीं. पोथीच्या पुष्पिकेंतील शक त्याच पोथीचा; त्याच बासनांतील दुसऱ्या पोथीस तो चिकटवूं नये, हें आपल्या संग्राहकांस सांगावयास नको.

माझ्या मतें डिग्बींचा पक्ष संभाव्य आहे, सिद्ध नाहीं. चिराग दिल्लीचा पक्ष प्रचलित आहे, आणि त्याहून अधिक कांहीं नाहीं. मृताचें नांव देणारा शिलालेख अथवा समकालीन फारसी बखरींतील स्थळाचा निःसंदिग्ध उल्लेख हातीं येईपर्यंत इमारतीचें नांव 'शीश गुंबद' एवढेंच लिहावें, व बहलूलचें नांव प्रश्नचिन्हासह टीपेंत ठेवावें.