मुलूख खरंच उजाड होता?

मालाड, माहीम, वाळकेश्वर. रोजच्या प्रवासातली ही नावं साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात भेटली की गंमत वाटते. 'महिकावतीची बखर' मी त्या गमतीपोटीच हातात घेतली. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली.

उत्तर कोकणात माणसं येऊन कशी वसली, याची ही गोष्ट. शके १०६० च्या, म्हणजे ११३८ च्या सुमाराला प्रताप बिंब इकडे आला, उजाड मुलूख पाहून त्याने कुळं आणली आणि गावं वसवली. राजधानी महिकावती, म्हणजे आपलं पालघरजवळचं केळवे-माहीम. त्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत 'आपण मूळचे कुठले' याचं उत्तर अजूनही बिंबापासून सुरू होतं.

बखरीला सहा प्रकरणं, लिहिणारे हात वेगवेगळे. जुना गाभा केशवाचार्याचा, शके १३७० चा. म्हणजे वसाहतीनंतर तब्बल ३१० वर्षांनी! तोवर बिंबांचं राज्य बुडालेलं, सत्ता सुलतानांची. अशा वेळी मालाडच्या नायकोरावाच्या स्वप्नात देवी येते. सगळ्यांना जमव, महाराष्ट्र धर्म सांग, म्हणते. मग वंश, गोत्रं, कुळाचार नोंदले जातात. बखरीतल्या सनावळीवर इतिहासकारांनी खुशाल भांडावं, मला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. राज्य गेलं, निदान कूळ तरी कागदावर राहो, ही धास्ती त्यात स्वच्छ ऐकू येते.

खटकतो तो 'उजाड'पणा. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. बिंबाच्या आधी इथे शिलाहारांचं राज्य होतं. सोपाऱ्यात तर अशोकाचा लेख सापडलाय. खाडीवर कोळी होते, डोंगरात वारली होते. ज्याला जमीन वाटायची असते त्याला ती रिकामीच दिसते. आणि कुळांच्या याद्यांमध्ये बायका शोधायला जाऊ नका, दमाल.

राजवाड्यांच्या लांबलचक प्रस्तावनेत मात्र कातकरी, वारली, कोळी येतात. काही ठिकाणी त्यांचे तर्क फारच सुसाट सुटतात, पण 'आमच्या आधी इथे कोण होतं' हा प्रश्न ते टाळत नाहीत. पुस्तकात प्रस्तावना आधी येते. तुम्ही बखर आधी वाचा, प्रस्तावना नंतर.