उंबरठ्यावरची तबकडी

बीटल्सची ‘रबर सोल’ ही तबकडी डिसेंबर १९६५ मध्ये निघाली. तिचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमानाने सतारीचा दाखला देतात. पण ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये हॅरिसनची सतार चालीच्या मागोमाग जाते, तेथे सतारीचा नाद तेवढा उसना घेतला आहे. खरे वळण मला दिसते ते ‘इन माय लाइफ’मध्ये. १९६३ साली ‘शी लव्हज यू’ म्हणत आरोळ्या ठोकणारा लेनन येथे गेलेली माणसे, बदललेली ठिकाणे शांतपणे आठवतो. आणि शेवटच्या ‘रन फॉर युवर लाइफ’मध्ये तोच प्रेयसीला धमकावतो! हा पोरकटपणा खटकतो खरा. पुढच्याच वर्षीची ‘रिव्हॉल्व्हर’ अधिक धाडसी आहे, हेही मान्य. तरीही वयात येतानाची ही ओढाताण मला येथेच ऐकू येते. म्हणून मी पुन्हापुन्हा हिच्याकडेच वळतो.